तक्त्यातले दात आणि तोंडातले दात

दुधाचे दात वयाच्या सहाव्या वर्षी पडू लागतात, अशा अर्थाचे वाक्य शालेय पुस्तकांत, आरोग्यविषयक पुस्तिकांत आणि दवाखान्यातल्या भिंतीवर आपण सर्वांनी वाचलेले असते. हे वाक्य खोटे नाही. पण दुसरीत गेलेल्या मुलाचा एकही दात अजून हललेला नाही म्हणून आई काळजीत पडते, किंवा बालवाडीतल्या मुलीचा दात पाचव्या वर्षीच पडला म्हणून घरात चर्चा सुरू होते, तेव्हा हेच वाक्य शिक्षकाच्या फारसे उपयोगी पडत नाही. ‘सहावे वर्ष’ म्हणजे काय? सर्व मुलांचे सहावे वर्ष, बहुतेकांचे, की कोणाचेच नसलेले एक सरासरी वर्ष? वाक्य याविषयी गप्प असते.

या लेखात आम्हाला परीक्षण करायचे आहे ते या वाक्याचे, आणि ज्या दोन मांडण्यांतून असे वाक्य घडले त्यांचे. एक आहे १८३७ सालची इंग्लंडमधली छोटी पुस्तिका, आणि दुसरा १९४१ सालचा अमेरिकेतला तक्ता. दोन्हींची गुणवत्ता मोठी आहे. म्हणूनच त्यांतल्या उणिवा नीट पाहायला हव्यात.

आधी तोंडात काय घडते ते थोडक्यात पाहू. दुधाचे दात वीस असतात. पडलेला दात हातात घेतला की त्याला मूळ दिसत नाही. त्यामुळे दुधाच्या दातांना मुळे नसतातच, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत या सर्व दातांची मुळे पूर्ण झालेली असतात. पुढे जबड्यात खाली वाढणारा कायमचा दात वर सरकू लागला की त्याच्या भोवतालच्या ऊतीच्या प्रभावाने विशिष्ट पेशी दुधाच्या दाताचे मूळ टोकाकडून विरघळवू लागतात. ही क्रिया कित्येक महिने, थांबत थांबत चालते. दात एक दिवस हलतो, मग चार दिवस घट्ट वाटतो, पुन्हा हलतो, तो यामुळेच. शेवटी फक्त शिखर हिरडीला चिकटून उरते आणि भाकरीच्या एखाद्या घासाबरोबर पडते. ज्या दाताखाली कायमचा दात जन्मतःच तयार झालेला नसतो, तो दुधाचा दात पुष्कळदा प्रौढ वयापर्यंत टिकून राहतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. दात पडण्याचा दिवस ही एका लांबलचक प्रक्रियेची अखेर आहे. ती प्रक्रिया प्रत्येक मुलात स्वतःच्या गतीने चालते. तिची वेळ अनुवंश, लिंग, त्या दाताची कीड, पूर्वी झालेली इजा अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. मग तिला एक ठरावीक वय चिकटवण्याची गरज कोणाला आणि का वाटली?

ही गरज निर्माण झाली गिरण्यांमुळे. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कारखाना कायद्याने रेशमाच्या गिरण्या वगळता इतर कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. तेराच्या पुढच्यांना बारा तास काम देता येत असे. कायदा झाला, पण मुलाचे वय कळावे कसे? जन्मांची सरकारी नोंद तिथे सुरू झाली ती जुलै १८३७ मध्ये. कायद्याने वैद्याचा दाखला मागितला होता. वैद्य मुलाकडे पाहून, त्याची उंची मोजून दाखला देई. आईबापांना मजुरी हवी होती, मालकांना मुले हवी होती, आणि उंची ही फसवी गोष्ट होती.

एडविन सॉन्डर्स या तरुण दंतवैद्याने १८३७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे एक पुस्तिका मांडली. तिचे म्हणणे असे होते की वय ठरवण्यासाठी उंचीपेक्षा दात अधिक भरवशाचे आहेत. नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडात चार पहिल्या कायमच्या दाढा आणि आठ कायमचे पटाशीचे दात असायला हवेत, अशी त्याची कसोटी होती. त्याने एक हजारांहून अधिक मुलांची तोंडे तपासली. त्या काळच्या मानाने हे काम फार मोठे होते. हाच सॉन्डर्स पुढे राणी व्हिक्टोरियाचा दंतवैद्य झाला आणि १८८३ मध्ये ‘सर’ झाला.

त्याचे आकडे पाहण्याजोगे आहेत. नऊ वर्षांच्या ७०८ मुलांपैकी ३८९ मुले कसोटीला पूर्ण उतरली. म्हणजे शेकडा ५५. मग त्याने कसोटी थोडी सैल केली. एका प्रकारच्या चार दातांपैकी तीन आलेले असतील तर चौथाही आला असे धरायचे. असे केल्यावर संख्या ५३० झाली, म्हणजे शेकडा ७५. उरलेल्या १७८ पैकी १२६ मुले दातांवरून साडेआठ वर्षांची ठरली आणि ५२ मुले आठ वर्षांची. तेरा वर्षांच्या ३३८ मुलांपैकी २९४ कसोटीला उतरली.

सॉन्डर्सचे श्रेय आधी मान्य करू. त्याने मत मांडून न थांबता मोजणी केली. ज्यांच्या बाबतीत कसोटी चुकली त्या मुलांचे आकडेही त्याने लपवले नाहीत आणि चूक किती महिन्यांची होती तेही सांगितले. आजच्या अनेक जाहिरातींत आणि काही संशोधनलेखांतही एवढा प्रामाणिकपणा आढळत नाही.

आता उणीव. सैल केलेल्या कसोटीतही चारांतील एक मूल नऊ पूर्ण असून नऊचे ठरत नव्हते. पण यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. कायदा कोणाला वाचवण्यासाठी होता? आठ वर्षांच्या मुलाला. तेव्हा विचारायला हवा होता तो प्रश्न असा: आठ वर्षांची किती मुले दातांवरून नऊची ठरतील आणि गिरणीत पाठवली जातील? सॉन्डर्सचे वरचे आकडे नऊ वर्षांच्या मुलांचे आहेत. नऊची मुले नऊची म्हणून किती ओळखली जातात ते त्यांतून कळते. आठची मुले चुकून नऊची किती ठरतात ते कळत नाही. ही दोन उत्तरे परस्परांवर अवलंबून नसतात. इतकेच नव्हे, कसोटी सैल केल्याने पहिले उत्तर सुधारते, पण दुसरे बिघडते. लवकर दात येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला ती सवलत थेट गिरणीच्या दाराशी नेऊन उभी करते.

वरिष्ठ वर्गातल्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे असे आम्हाला वाटते. कोणत्याही चाचणीविषयी, मग ती रोगाची असो की प्रवेशपरीक्षेची, दोन प्रश्न विचारावे लागतात: खऱ्याला खरे किती वेळा म्हटले, आणि खोट्याला खरे किती वेळा म्हटले. एकाच प्रश्नाचे उत्तर देऊन चाचणी ‘भरवशाची’ म्हणणे हा दोष सॉन्डर्सच्या काळी होता आणि आजही आहे.

आता दुसऱ्या मांडणीकडे वळू. शिकागोतील आयझॅक शौर आणि मॉरी मॅस्लर यांनी १९४१ मध्ये मानवी दातांच्या वाढीचा एक चित्रमय तक्ता प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने तो भिंतीवर लावण्याजोग्या रूपात छापला आणि तो जगभर गेला. गर्भावस्थेपासून प्रौढ वयापर्यंत वीसहून अधिक टप्प्यांवर जबड्यात काय दिसते ते त्यात ओळीने रेखाटले आहे. आपल्या पुस्तकांतली बरीचशी चित्रे आणि कोष्टके याच घराण्यातली आहेत.

चित्र म्हणून हा तक्ता उत्तम आहे. दुधाचे आणि कायमचे दात एकाच जबड्यात कसे वरखाली बसलेले असतात, सहाव्या वर्षाच्या सुमाराला एका मुलाच्या जबड्यात हिरडीच्या वरचे आणि आतले मिळून चाळीसहून अधिक दात कसे दाटीवाटीने असतात, मुळे कशी आखूड होत जातात, हे शंभर वाक्यांनी समजणार नाही ते एका नजरेत समजते. दातांचा क्रमही त्यात नीट उमगतो: आधी खालचे मधले पटाशीचे दात, मग वरचे, मग बाजूचे, दुधाच्या दाढा आणि सुळे त्यानंतर, साधारण नऊ ते बारा या वयात. हा क्रम बहुतेक मुलांत टिकतो. तक्त्याचा खरा ठेवा हा क्रम आहे, असे आमचे मत आहे.

वयाच्या आकड्यांविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. या तक्त्याच्या पायाशी लोगन आणि क्रोनफेल्ड या शिकागोच्याच संशोधकांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेली सामग्री होती. ती मृत बालकांच्या जबड्यांवरून मिळवलेली होती. जबडे होते सुमारे पंचवीस ते तीस, आणि त्यांतली बहुतेक बालके दोन वर्षांच्या आतली होती. म्हणजे ज्या वयात दात पडतात त्या वयाची मुले या संग्रहात अगदी थोडी. शिवाय जी बालके आजाराने दगावली त्यांची वाढ निरोगी मुलांसारखीच झाली असेल असे गृहीत धरता येत नाही. लोगन आणि क्रोनफेल्ड यांना दोष देण्याचे कारण नाही. दाताच्या आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तर जबडा कापावाच लागतो आणि जिवंत मुलाचा जबडा कोणी कापत नाही. मुद्दा असा की रचना समजून घेण्यासाठी जमवलेल्या मूठभर नमुन्यांवर सर्व मुलांचे वेळापत्रक उभे राहिले.

दुसरी उणीव मुलगे आणि मुली यांना एकाच चित्रात बसवण्याची. मुलींचे कायमचे दात मुलांपेक्षा सरासरीने काही महिने आधी येतात. पटाशीच्या दातांत हा फरक थोडा असतो, सुळ्यांत सर्वांत जास्त. एकच चित्र दोघांसाठी वापरले की मुलगी ‘पुढे’ आणि मुलगा ‘मागे’ असा आभास होतो.

तिसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. तक्त्यात सहा वर्षांच्या चित्राखाली ‘६ वर्षे ± ९ महिने’ असे लिहिलेले असते. हे चिन्ह पाहून आपल्याला शास्त्रीय काटेकोरपणाची खात्री वाटते. पण हे नऊ महिने म्हणजे नेमके काय? सर्व निरोगी मुले या मर्यादेत येतात असा त्याचा अर्थ आहे, की ते संख्याशास्त्रातले प्रमाण विचलन आहे? तक्ता हे सांगत नाही. आणि दोन अर्थांत जमीनअस्मानाचा फरक आहे. हे प्रमाण विचलन आहे असे घटकाभर धरू. मग नेहमीच्या घंटाकृती वितरणात दोन-तृतीयांश मुले या मर्यादेत असतील आणि एक-तृतीयांश बाहेर. चाळीस मुलांच्या वर्गात जवळपास तेरा मुले! त्यांतली सहा-सात लवकर, सहा-सात उशिरा, आणि सगळी ठणठणीत. पहिला अर्थ घेतला तर हीच तेरा मुले दोषी ठरतात. चिन्ह एकच, पण एका वाचनात निसर्गाची विविधता दिसते आणि दुसऱ्या वाचनात आजार.

पुढच्या संशोधकांनी या मर्यादेवर अविश्वास दाखवला. डग्लस उबेलेकर यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या सांगाड्यांचा अभ्यास करण्यासाठी याच तक्त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. तीत सहा वर्षांच्या चित्राखाली ± २४ महिने असे आहे. नऊ महिन्यांचे चोवीस झाले! २०१० मध्ये लंडनमधील अल्-कहतानी, हेक्टर आणि लिव्हरसिज यांनी नव्याने तक्ता तयार केला. त्यासाठी त्यांनी ७०४ जणांची सामग्री वापरली. १७६ सांगाडे ज्ञात वयाचे होते आणि ५२८ जिवंत व्यक्तींची क्ष-किरण चित्रे होती. या ५२८ मध्ये लंडनच्या गोऱ्या मुलांबरोबर बांगलादेशी वंशाची मुलेही होती. ही फार मोठी सुधारणा आहे. तरीही मुलगे आणि मुली त्यात एकत्रच आहेत, आणि एका शहरातल्या मुलांवरून काढलेले चित्र दुसऱ्या देशातल्या प्रत्येक मुलाला तंतोतंत लागू पडेल असे कोणीही म्हणू नये.

कोणी म्हणेल, दात सहा महिने आधी पडला काय आणि नंतर पडला काय, एवढा काथ्याकूट कशाला? पण तक्ता वेळापत्रक म्हणून वाचण्याचे परिणाम मुलांना भोगावे लागतात. त्यांतले तीन इथे सांगतो.

पहिला परिणाम पहिल्या कायमच्या दाढेचा. ‘सहाव्या वर्षी दुधाचे दात पडतात आणि त्यांच्या जागी नवे येतात’ एवढेच मनात पक्के झाले की नवा दात म्हणजे पडलेल्याच्या जागी आलेला, असे समीकरण बनते. पण सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे चार दाढा येतात, त्या कोणताही दात न पडता. त्या कायमच्या असतात. पालक त्यांना दुधाच्या दाढा समजतात, कीड लागली तरी पडणारच आहेत म्हणून दुर्लक्ष करतात आणि जन्मभराची दाढ दहाव्या-बाराव्या वर्षीच निकामी होते. आमच्या मते पाठ्यपुस्तकातल्या वाक्यात भर घालायची तर सर्वांत आधी ही घालावी.

दुसरा परिणाम घाईचा. ‘वय झाले तरी दात पडत नाही’ म्हणून तो दोऱ्याने ओढला जातो किंवा काढून टाका असा आग्रह धरला जातो. दुधाची दाढ अकाली गेली तर मागची कायमची दाढ पुढे झुकते, जागा बुजते आणि नंतर येणारी उपदाढ वेडीवाकडी येते. दुधाचा दात स्वतःचे काम तर करतोच, शिवाय येणाऱ्यासाठी जागाही राखून ठेवतो.

तिसरा परिणाम वयाच्या दाखल्याचा. आपल्याकडे १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर नेली. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांतही इंग्लंडसारखाच प्रश्न होता: मुलाचे वय कसे ओळखायचे? आज जन्मनोंदणीचा कायदा आहे, तरी हा प्रश्न संपलेला नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने वय ठरवण्याचा क्रम घालून दिला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास जन्माचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. हा क्रम शहाणपणाचा आहे. शरीर वयाचा अंदाज देते, तारीख देत नाही. शिक्षकांच्या दृष्टीने यात एक जबाबदारीही आहे. पटावर सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहिण्याची जुनी सवय किती महागात पडू शकते, ते यावरून कळावे.

मग तक्ता भिंतीवरून काढून टाकावा का? मुळीच नाही. त्याचा क्रम शिकवावा, आणि वय वर्गाकडून काढून घ्यावे. प्रयोग सोपा आहे आणि त्याला खर्च नाही. पहिली, दुसरी आणि तिसरीच्या प्रत्येक मुलाने तोंड उघडून दाखवायचे; बोट घालायचे नाही. खालच्या जबड्यातले मधले दोन दात पाहायचे. दुधाचे आहेत, जागा रिकामी आहे, की कायमचे आले आहेत? कायमचा दात दुधाच्या दातापेक्षा रुंद आणि किंचित पिवळसर असतो आणि नवा असताना त्याची कड करवतीसारखी दिसते. मुलाचे वय महिन्यांत काढायचे, पण जन्माच्या दाखल्यावरून. मुलगे आणि मुली यांच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या. मग सहा-सहा महिन्यांचे गट पाडून प्रत्येक गटात शेकडा किती मुलांचे हे दात पडून गेले ते मांडायचे आणि आलेख काढायचा. आलेखाची रेषा पन्नास टक्क्यांना जिथे छेदते ते तुमच्या शाळेचे मध्यक वय.

हा आलेख इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा झोपाळलेला येईल. भिंतीसारखा उभा येणार नाही. त्या तिरपेपणातच सगळा धडा आहे. मुले थोडी असतील तर रेषा वेडीवाकडी येईल. मग शेजारच्या शाळेचे आकडे मिळवावेत. नमुना लहान असला की काय होते हेही मुलांना त्यातून समजेल, आणि पंचवीस-तीस जबड्यांवर उभ्या असलेल्या तक्त्याकडे ती वेगळ्या नजरेने पाहतील.

अर्थात सगळेच ‘चालेल’ असे म्हणून सोडूनही चालणार नाही. आठ वर्षे होऊनही एकही दात हललेला नसेल, एका बाजूचा दात पडून सहा महिने उलटले तरी दुसऱ्या बाजूचा जागचा हलत नसेल, किंवा दुधाच्या दाताच्या मागे कायमचा दात येऊनही पुढचा घट्टच असेल, तर दंतवैद्याला दाखवावे. पाचव्या वर्षाच्या आधी, मार न लागता दात पडला तर तो कौलावर फेकण्याआधी नीट पाहावा. मूळ विरघळलेले असेल तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. लांब मूळ जसेच्या तसे असेल तर मात्र तो दात घेऊनच डॉक्टरांकडे जावे, कारण असे होणे हे क्वचित एखाद्या हाडांच्या विकाराचे पहिले लक्षण असते.

पाठ्यपुस्तकातले ते वाक्य आम्ही असे लिहू: बहुतेक मुलांचा पहिला दुधाचा दात पाच ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतो, बहुधा खालचा मधला, मुलींचे दात थोडे आधी बदलतात, आणि याच सुमारास मागे येणाऱ्या चार दाढा कायमच्या असतात, त्यांना जपा. वाक्य लांब झाले खरे. पण दुसरीतल्या त्या मुलाच्या आईला सांगण्यासारखे त्यात काही तरी आहे.